परिक्रमेआधी गाडी घरीच तयार करतोय, कुठं चुकतोय ते सांगा

ओसरीवरचा_मिस्त्री | ९ ऑक्टोबर, रात्री १०:४०

मंडळी, देवउठनी एकादशी झाली की गाडीनं नर्मदा परिक्रमा उचलायची ठरलंय. एकटाच. ओंकारेश्वरहून निघून दक्षिण तटानं बडवानी, खेतिया, शहादा, प्रकाशा, अंकलेश्वर. मग उत्तर तट धरून अमरकंटक. आणि दक्षिण तटानं परत ओंकारेश्वर. रस्त्यानं तीन हजार किमीच्या वर जातं. गाडी म्हणजे मोटरसायकल, रॉयल एनफील्डची हिमालयन ४११, ५२ हजार किमी झालेली, वॉरंटी कधीच आटोपली.

अडचण गाडीची नाही, नदीची आहे. मय्या ओलांडायची नाही. समुद्राच्या तोंडाशी पायी जाणारे नावेतून जातात, गाडीवाले बहुतेक अंकलेश्वर-भरूचचा पूल घेतात, तेवढी एक सूट. बाकी कुठंही पूल दिसला तरी आपला नाही. म्हणजे मी एका तटावर बिघडलो आणि मिस्त्री समोरच्या तटावर असला तर तो असून नसल्यासारखा. घरी हे सांगितलं तर उत्तर आलं, ‘मग तुम्हीच व्हा मिस्त्री.’ झालोय.

इंदूरला राजेंद्र नगरात तळमजल्यावर राहतो, ओसरी मोठी आहे, सियागंजातून पाने आणलेत. आतापर्यंतची प्रगती:

ऑइल बदललं. आणि पहिल्याच कामात माती खाल्ली. खालचा ड्रेन बोल्ट ‘जरा घट्ट हवा’ म्हणून पान्याला पाइप लावून आवळला. आधी जोर लागत होता, मग अचानक हात हलका झाला. तो हलकेपणा ज्यानं अनुभवलाय त्याला पोटात काय होतं ते सांगायला नको. बोल्ट गरागरा फिरायला लागला, आटे गेले. बोल्टाला ॲल्युमिनियमची भुकटी चिकटून आली, केसासारखी बारीक वेटोळी. खराद्याकडून नवे आटे बसवून घेतले, त्यात तीन दिवस आणि अब्रू गेली. आता पुढचं काही करण्याआधी विचारतोय. चेन, ट्यूब, ब्रेक, लाइट, सामानाचा स्टँड यातलं घरी काय करू आणि कशाला हात लावू नको?

दहा_बाराचा_पाना | ९ ऑक्टोबर, रात्री ११:१५

अरे भिया, पाइप?! इंजिनाचं बूड ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचा. भांडणात कोण हरणार हे ठरलेलंच. ऑइल गळू नये ते जोरानं नाही, वॉशरनं. दर वेळी नवा वॉशर टाका. बोल्ट आधी हातानं, पान्याशिवाय, जाईल तितका आत न्यायचा. हातानं जात नसेल तर तो तिरका बसलाय, बाहेर काढा. पाना फक्त शेवटच्या ‘चिप्’साठी.

आणि जुनं ऑइल ओसरीच्या मोरीत ओतू नका. मोरीतलं शेवटी खान नदीत जातं, आणि ज्या नदीची तुम्ही प्रदक्षिणा घालताय तीही नदीच. डबक्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, भंगारवाला त्याच्याकडून नेतो.

पीथमपूरकर | १० ऑक्टोबर, सकाळी ७:०५

वीस वर्षं असेंब्ली लाइनवर काढली, म्हणून सांगतो. आमच्याकडे ‘जरा घट्ट’ असा शब्दच नाही. प्रत्येक बोल्टाचा आकडा असतो, न्यूटन-मीटरमध्ये, आणि तो तुमच्या मॅन्युअलात छापलेला आहे. एक टॉर्क रेंच घ्या. एवढ्या पान्यांच्या पैशात आलाच असता. काम झालं की तो शून्याच्या बाजूला सैल करून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग खोटं बोलायला लागते. घट्ट बोल्ट उघडायला तो वापरायचा नाही. त्यासाठी साधा पाना आहे.

ब्रेकबद्दल. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर निघण्याआधी बदला. हे तेल हवेतलं पाणी ओढतं, अगदी बंद डबीतसुद्धा हळूहळू. डॉट ४ प्रतीचं तेल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की ते १५५ पर्यंत उतरू शकतं. जाम गेटवरून खाली मंडलेश्वरकडे उतरताना मागचा ब्रेक दाबून बसलात, डिस्क तापली, कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात, तेल उकळलं की वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पेडल पायाखाली लोण्यासारखं जातं. बाटलीवर डॉट ५ दिसलं तर घेऊ नका, ते सिलिकॉनचं, तुमच्यात चालत नाही. ५.१ चालेल, नावं सारखी असली तरी जात वेगळी.

एबीएसच्या गाडीत ब्लीडिंग, म्हणजे नळीतलं जुनं तेल आणि हवा काढणं, पहिल्यांदा एकट्यानं करू नका. पॅड बदलणं घरी, तेल बदलणं कुणी जाणता शेजारी उभा असताना. आणि ते तेल टाकीवर सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग सोलून काढतं.

चैत्रगौर | १० ऑक्टोबर, दुपारी १:३०

काका, तुमच्या गाडीत ट्यूब आहेत ना? मग बाकी सगळं राहू द्या, आधी ट्यूब काढायला शिका. देवासच्या एका पंक्चरवाल्या चाचांनी मला शिकवलं, तेही मी चहाला नाही म्हटलं नाही म्हणून.

सेंटर स्टँडवर लावा. एक्सलचा नट काढण्याआधी बघा की त्या मापाचा पाना तुमच्या टूलकिटात आहे का. घरातला लांब पाना घेऊन सराव कराल आणि रस्त्यावर गाडीखालच्या पान्यानं नट हलणारच नाही, असं होतं. चाक पुढं ढकला, चेन उतरवा, चाक बाहेर. वॉल्व्हची सुई काढून हवा पूर्ण सोडा. मग टायर रिमपासून सुटत नाही. तिथं पायानं नाचू नका. चाक आडवं टाका, दुसऱ्या गाडीचं साइड स्टँड बरोब्बर टायरच्या कडेवर टेकवा आणि त्या गाडीचा भार हळूच त्याच्यावर आणा. ‘थप्’ असा आवाज येतो, कडा सुटते. एकटे असाल तर स्वतःची गाडी वापरता येत नाही कारण ती एका चाकावर उभी आहे, तेव्हा रस्त्यावर कुणालातरी थांबवा. आपल्या माळव्यात माणसं थांबतात.

आता खरी गोम. टॉमीनं, म्हणजे टायर उपसायच्या सळईनं, टायर उचलताना समोरची कडा रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्यानं दाबून ठेवायची. ती तिथं गेली की इकडे सैल पडते. ती वर राहिली तर पैलवान आला तरी टायर निघत नाही, टॉमी मात्र ट्यूबला चावते. छोटे छोटे घास घ्या, तीन बोटांएवढे. परत बसवताना वॉल्व्हच्या समोरून सुरू करून वॉल्व्हपाशी संपवा. ट्यूबमध्ये आधी थोडीशी हवा, आकार येईल एवढीच, म्हणजे ती चिमटत नाही. आतून थोडी टाल्कम पावडर.

खिळा शोधताना टायरच्या आतून बोट फिरवू नका. जुना मोजा हातात घालून फिरवा, जिथं अडकेल तिथं खिळा. माझ्या उजव्या तर्जनीवर याची खूण आहे.

वॉल्व्हचा नट रिमला आवळून टाकू नका, थोडा वर सोडा. टायर सरकला तर वॉल्व्ह तिरका दिसतो, वेळीच कळतं.

ओसरीवरचा_मिस्त्री | १० ऑक्टोबर, रात्री ९:२०

ताई, वॉल्व्हची गोष्ट नवीन होती. मी आयुष्यभर तो नट आवळत आलोय. पुढं २१ इंची, मागं १७ इंची, म्हणजे दोन ट्यूब न्याव्या लागतील?

चैत्रगौर | १० ऑक्टोबर, रात्री ९:३२

जागा नसेल तर २१ ची एकच न्या. वेळ आली तर मागच्या १७ मध्ये घड्या जुळवून बसते. शोभेची गोष्ट नाही, हळू चालवत पुढच्या गावापर्यंत. उलटं मात्र होत नाही.

जीरावन | ११ ऑक्टोबर, सकाळी ८:५०

चेन कशानं धुताय काका? मी पेट्रोलनं धुतो, एकदम चकाचक.

दहा_बाराचा_पाना | ११ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

चकाचक आणि कोरडी. चेनच्या प्रत्येक कडीत बारीक रबराची रिंग असते, तिच्यामागं कारखान्यात भरलेलं ग्रीस. पेट्रोल ती रिंग कडक करतं, तारेचा ब्रश ती कापतो. रॉकेल किंवा डिझेल, जुना दात घासायचा ब्रश, फडकं, बस. मग ९० नंबरचं गियर ऑइल, चेनच्या आतल्या बाजूला थेंब थेंब, चाक हातानं फिरवत. रात्री लावा, सकाळी जादाचं पुसा. सफेद स्प्रे बरा दिसतो, पण खेतियाच्या पुढं कुठल्या गावात मिळणार? गियर ऑइल ट्रॅक्टरवाल्याकडंही मिळतं.

इंजिन सुरू करून, गियर टाकून, फिरत्या चेनवर फडकं धरणाऱ्यांना हात जोडून विनंती: करू नका. फडकं आत जातं, बोट मागोमाग. ओळखीत एकाची दोन पेरं गेलीत.

ताण मोजताना चाक फिरवून सगळ्यात ताठ जागा शोधा, तिथं मोजा. चेन सगळीकडं सारखी झिजत नाही. आणि स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, रेघांवर आंधळा विश्वास नको. दोन्ही बाजूंनी स्विंगआर्म जिथं गाडीला जोडलाय तो बोल्ट ते मागचा एक्सल दोरीनं मापा. मागच्या दात्यावरून चेन बोटानं मागं ओढा, अर्धा दाता उघडा पडला तर धुणंबिणं सोडा, दोन्ही दातेचक्र आणि चेन एकत्र बदला.

नवी चेन क्लिपवाली असेल, म्हणजे दोन टोकं जोडणारी कडी क्लिपनं अडकवलेली, तर क्लिपचं उघडं तोंड चेन ज्या दिशेला पळते तिच्या उलट. आणि क्लिप एकदा काढली की ती परत नाही वापरायची. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे.

वडोदेकर | ११ ऑक्टोबर, रात्री ११:०२

बडोद्याहून रामराम. भरूचपर्यंत आलात की कळवा. लाइट लावणार म्हणालात, तो कसा जोडताय? आमच्या एका मित्रानं हेडलाइटच्याच वायरीतून ओढला होता. राजपीपळ्याच्या अलीकडं जंगलात वायरीचं प्लास्टिक वितळून एकाला एक चिकटलं, हेडलाइटही गेला, जादाचा फॉग लाइटही गेला. मोबाइलच्या उजेडात आठ किमी.

पीथमपूरकर | १२ ऑक्टोबर, सकाळी ६:४५

साधं गणित आहे. हेडलाइटचा एच-४ बल्ब ६०/५५ वॉटचा. त्याच्या वायरी आणि स्विच तेवढ्यासाठीच बनवलेत. वर २० वॉटचे दोन दिवे टाकलेत तर ४० वॉट, भागिले १२ व्होल्ट, सव्वातीनच्या थोडं वर अँपियर जादा. म्हणून रिले, म्हणजे छोट्या करंटनं मोठा करंट चालू करणारा स्विच. रिलेच्या बुडाशी आकडे कोरलेले असतात: ३० ला बॅटरीची वायर, मध्ये फ्यूज, ८७ मधून दिव्याकडं, ८५ आणि ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोकं, एक हँडलच्या स्विचकडून, एक बॉडीला. स्विचमधून फक्त कॉइलचा चिमूटभर करंट जातो, दिव्याचा भार बॅटरीपासून सरळ. फ्यूज पाच अँपियरचा, आणि तो बॅटरीजवळ, दिव्याजवळ नव्हे. दिव्याजवळ ठेवलात आणि वायर मध्येच घासली तर फ्यूजच्या आधीचा तुकडा जळतो, फ्यूज बघत बसतो.

सोल्डर की क्रिंप यावर इथं आधीही युद्ध झालंय. माझं मत क्रिंप, म्हणजे टोपी पक्कडीनं दाबून केलेला सांधा. सोल्डर केलेली वायर कडक होते आणि थरथरत्या गाडीत कडक भाग संपतो तिथं तुटते. ज्यांना सोल्डर करायचंच आहे त्यांनी सांध्याच्या दोन्हीकडं वायर बांधून टाका.

वकील_नसलेला | १२ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

लाइट आणि स्टँड ठीक, पण कुणी सायलेन्सर बदलायचा सल्ला देण्याआधी: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही की नोंदणीतली माहिती निर्मात्यानं मुळात दिलेल्या माहितीहून वेगळी होईल. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. परवानगी नसलेले चमकणारे रंगीत दिवे तर पोलिसाला लांबूनच बोलावतात. समोरच्याच्या डोळ्यात जाणार नाही असा कोन ठेवा.

माळवी_मावशी | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:२०

मला यातलं काही कळत नाही, आमचे हे वाचतात म्हणून वाचते. पण ओसरीवर ऑइलचे डाग पडलेत त्यावर बोला कुणीतरी. राजेंद्र नगरातल्या एका बाईंच्या वतीनं विचारतेय.

ओसरीवरचा_मिस्त्री | १२ ऑक्टोबर, दुपारी ४:५५

मावशी, तुम्हाला घरचीच कुमक मिळालेली दिसतेय. आंबट ताकानं घासतोय.

सामानाच्या स्टँडचं सांगतो. लोहामंडीत एकाकडून बनवून घेतला. ‘गाडी इथंच लावा, चौकटीवर दोन टाके मारतो’ म्हणाला. मी नको म्हटलं, स्टँड वेगळा बनवून बोल्टनं लावला. बरोबर केलं ना?

पीथमपूरकर | १२ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१०

अगदी बरोबर. चौकटीवर वेल्डिंग म्हणजे तिथली धातूची घडणच बदलते. शिवाय फ्युएल इंजेक्शनच्या गाडीवर बॅटरी न काढता वेल्डिंग केलं तर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, मरू शकतो. सामान जितकं खाली आणि जितकं पुढं तितकं बरं. मागच्या एक्सलच्या मागं लटकवलेले दहा किलो पुढच्या चाकाला हलकं करतात. तिकडं लाडूचा डबा ठेवू नका.

दहा_बाराचा_पाना | १२ ऑक्टोबर, रात्री ८:००

एक जुनी युक्ती. नवी क्लच केबल आणा आणि जुन्या केबलच्या शेजारून, त्याच वळणांनी, आत्ताच ओढून ठेवा. दोन्ही टोकं टेपनं बंद, तीन-चार ठिकाणी टायनं बांधलेली. जुनी तुटली की फक्त टोकं बदलायची. नाहीतर टाकी काढून केबल ओवत बसाल.

आणि सगळं काम निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी संपवा. मग सामान लादून एक चक्कर मारा: महू, जाम गेट, महेश्वर, मांडव, परत घरी. घाट उतरायला मिळतो, खडबडीत रस्ता मिळतो, आणि काही पडलंच तर पडेल ते आपल्या अंगणात.

ओसरीवरचा_मिस्त्री | २६ ऑक्टोबर, रात्री १०:०५

चक्कर झाली. महेश्वरच्या पुढं स्टँडचा एक बोल्ट सैल झाला, आटे धरून ठेवणारा द्रव लावला नव्हता. एअर फिल्टर उघडून बघितला तर आत धुळीची पुरी थापलेली. कागदी फिल्टर, धुतला नाही, आतून बाहेर हवा मारली आणि नवा विकत आणला. बाकी ठणठणीत. धाग्याबद्दल सगळ्यांचे आभार, आता परतल्यावर.

ओसरीवरचा_मिस्त्री | ७ डिसेंबर, रात्री ९:३०

परिक्रमा पूर्ण झाली. अठरा दिवस. पण धाग्यात कबुली द्यायची राहिलीय.

निघण्याच्या आदल्या रात्री, होय, आदल्याच रात्री, मला वाटलं चेन अजून एकदा नीट धुवावी. काढून रॉकेलच्या परातीत बुडवली. बसवताना क्लिप जुनीच लावली. नवी क्लिप आणलेली होती, पुडी फोडून कठड्यावर ठेवली होती, अंधारात दिसली नाही. पक्कडीनं जुनीच दाबली. ‘टक्’ वाजली, मी खूश.

ती क्लिप अख्खी परिक्रमा टिकली. शेवटून दुसऱ्या दिवशी, हंडियाच्या अलीकडं, एका गतिरोधकावर गाडी उतरवली आणि मागून साखळी ओढल्यासारखा आवाज. चाक मोकळं. वेग दहा-पंधरा, म्हणून वाचलो. मागं वळून बघतो तर चेन रस्त्यावर सापासारखी पसरलेली. साठच्या वेगात हीच चेन पुढच्या दातेचक्रात गुंडाळली असती तर इंजिनाचं बूड फोडून आली असती.

गाडी ढकलत घाटावर गेलो. समोर नेमावर, सिद्धनाथाचं देऊळ स्पष्ट दिसतंय, त्या तटावर बाजार आहे, तिथून इंदूर सव्वाशे-एकशेतीस किमी. नर्मदेचं नाभिस्थान म्हणतात त्या जागी मी बसलो होतो आणि मध्ये पूल. पायात गोळे आले तरी चालत जाऊन आलो असतो. पण नाही जायचं.

दहा_बाराचा_पाना यांना फोन केला. ते सकाळी नऊला निघाले, कन्नोद, खातेगाव करत साडेबाराला पुलावरून माझ्या तटावर आले. त्यांना पूल चालतो, ते परिक्रमेत नाहीत. खिशातून दोन क्लिपा आणि एक कडी काढली. शिवी दिली नाही, फक्त परातीबद्दल विचारलं.

दहा_बाराचा_पाना | ७ डिसेंबर, रात्री ९:४८

शिवी दिली नाही कारण हातात परिक्रमेची काठी होती तुमच्या. नऊला निघालो ते पोहे खाऊन, ते सांगायचं राहिलं. आणि तुमच्या कठड्यावरची पुडी तुम्ही निघाल्यावरच्या सफाईत वहिनींनी टाकली नाही, माझ्याकडं दिली होती. दोनपैकी एक क्लिप तीच.

चैत्रगौर | ७ डिसेंबर, रात्री १०:१०

ट्यूब काढायची वेळ आली का काका?

ओसरीवरचा_मिस्त्री | ७ डिसेंबर, रात्री १०:२२

एकदा, मंडल्याच्या पुढं. स्वतःची नाही, एका पायी परिक्रमावाल्या बाबांचं सामान वाहणाऱ्या मोपेडची. मोजा घालून खिळा शोधला. बाबळीचा काटा निघाला. पस्तीस मिनिटं लागली, बाबांनी तेवढ्यात टिक्कड भाजले.

पुढच्या रविवारी सकाळी गाडी उघडतोय, ज्याला ट्यूब काढायला शिकायचंय त्यानं ओसरीवर या. टॉमी आपापली आणा, माझी एक त्या मोपेडवाल्याला दिली.

माळवी_मावशी | ७ डिसेंबर, रात्री १०:३०

आणि खाली पुठ्ठा अंथरा म्हणावं. राजेंद्र नगरातून निरोप आहे.